दूधगंगेचा पूल

मारुंजीतल्या आमच्या सोसायटीचा मी सध्या सेक्रेटरी आहे. निवृत्त माणसाकडे वेळच वेळ असतो अशी एक समजूत सर्वत्र आढळते, तिच्यातून हे पद माझ्याकडे चालत आले. टँकरचा हिशेब, लिफ्टची तक्रार, कुणाची गाडी कुणाच्या जागेत, असल्या बाबी मी बसल्याबसल्या निकालात काढतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला एक अर्ज मात्र चार दिवस माझ्या टेबलावर पडून राहिला. मजकूर साधा होता. शनिवार, १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी क्लब हाऊस हवे आहे. साठ-सत्तर माणसे येतील. गाणी, मुलांचे एक नाटुकले आणि जेवण. निमित्त : कर्नाटक राज्योत्सव. खाली अकरा कुटुंबांच्या सह्या होत्या आणि पहिली सही माझ्या समोरच्या दारातल्या हुबळीकराची होती.

ओणमच्या अर्जावर मी दोन मिनिटांत सही केली होती. दुर्गापूजेच्या आणि छठपूजेच्याही. हिंजवडीला खेटून असलेल्या मारुंजीत दुसरे काय होणार? जिथे एके काळी भातखाचरे होती तिथे आता टॉवर उभे आहेत आणि एकेका जिन्यात चार-चार प्रांत नांदतात. लक्ष्मी चौकात संध्याकाळी अडकलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचत बसले तर भारताचा नकाशा पाठ होईल. तेव्हा अर्जाला हरकत घेण्याचे कारण नव्हते. पण १ नोव्हेंबर ही तारीख मला साधी नाही. मी निपाणीचा.

निपाणीचा म्हटल्यावर पन्नाशी ओलांडलेल्या वाचकाला पुढचे सांगावे लागत नाही. तरुण वाचकांसाठी सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि तोवर मुंबई राज्यात असलेले बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा इकडे राहिला. पाच ठिकाणी विखुरलेला आपला मुलूख त्या दिवशी एकत्र आला म्हणून कन्नड माणूस राज्योत्सव करतो, आणि त्याच दिवशी बेळगाव-निपाणी-खानापूरचा मराठी माणूस काळा दिन पाळतो. माझे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. सभा-मोर्चातला माणूस नव्हे. पण दरवर्षी १ नोव्हेंबरला सदऱ्याच्या बाहीवर काळी फीत बांधून ते वखारीत जात. मालक कन्नड बोलणारे होते. "दिवाणजी, आज सुतक काय?" असे ते दरसाल विचारीत, आणि मग दोघे मिळून चहा घेत. वडील १९९९ साली गेले. ती फीत माझ्याकडे आहे, त्यांच्या चष्म्याच्या डबीत.

अर्जाच्या तिसऱ्या दिवशी हुबळीकर जिन्यात भेटला. चाळिशीचा, हिंजवडीत नोकरीला. "काका, तुम्हाला अडचण वाटत असेल तर आम्ही दोन तारखेला करतो," म्हणाला. त्याला सगळे ठाऊक होते. ठाऊक असण्याला कारण होते, कारण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आम्ही दोघे माझ्या आत्याला पोचवायला दूधगंगेच्या पुलापर्यंत गेलो होतो.

आत्या ऐंशीची आहे. बेळगावात शहापूरला राहते. (शहापूर हे पूर्वी सांगली संस्थानचे, हे ती नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगते.) माझ्या नातवाच्या बारशाला ती मारुंजीला आली होती आणि परतीचे तिकीट बसचे होते. २१ फेब्रुवारी २०२५ ला बेळगावजवळ कर्नाटकाच्या एका बसवाहकाला मराठी-कन्नडच्या बोलाचालीवरून मारहाण झाली. त्याच रात्री चित्रदुर्गला महाराष्ट्राच्या एस.टी. चालकाला काळे फासण्यात आले. लगेच पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांवर काळा रंग. दोन्हीकडच्या बस थांबल्या. ज्या वाहकाने मार खाल्ला आणि ज्या चालकाच्या तोंडाला काळे लागले त्यांच्यापैकी कुणीही सीमा आखलेली नव्हती, हे सांगून काही उपयोग नसतो.

रेल्वेत जागा मिळेना. मी म्हटले, माझ्या गाडीने सोडतो. आतेभाऊ फोनवर ओरडलाच, "एम.एच.ची गाडी घेऊन इकडं येऊ नकोस बाबा. हिरेबागेवाडी विसरलास काय?" ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडले होते. समोरच्या दारात हे ऐकू गेले असावे, कारण हुबळीकर किल्ली घेऊन आला. "काका, माझी गाडी के.ए. आहे. ही न्या." मी विचारले, अरे, पण ती कोल्हापूरपर्यंत कशी न्यायची? त्या २०२२ च्या डिसेंबरात, त्याच ६ तारखेला, पुण्यात स्वारगेटला कर्नाटकाच्या बसवर जे लिहिले गेले होते ते त्यानेही पाहिले होते. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "कागलपर्यंत तुमची, तिथून पुढं माझी." एका ड्रायव्हरने दोन गाड्या कशा न्यायच्या याचा हिशेब करता करता आम्ही दोघेही हसत सुटलो. आत्या मात्र हसली नाही. तिची पिशवी भरून तयार होती.

शेवटी माझ्याच गाडीने निघालो आणि हुबळीकर सोबत आला. मारुंजीतून बाहेर पडून भूमकर चौकातून जो महामार्ग लागतो तोच सरळ सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव करत बंगळुरास जातो. माझ्या बाल्कनीतून त्याचा आवाज ऐकू येतो. पिंपरी-चिंचवड-चाकणच्या कारखान्यांतला किती माल त्या रस्त्याने दक्षिणेला जातो आणि हिंजवडीतल्या किती कचेऱ्यांची मुख्य ठाणी त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहेत, हे वेगळे सांगायला नको. इन्फोसिस आणि विप्रो दोन्ही बंगळुरूच्याच. पैशाला हा रस्ता कधी बंद झालेला मी पाहिलेला नाही.

कागल सोडले की दूधगंगा लागते. पुलाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कोगनोळी, म्हणजे कर्नाटक. अलीकडे मराठीत पाट्या लावलेली पोलिसांची गाडी, पलीकडे कन्नड पाट्यांची. खासगी गाड्यांना कुणी अडवत नव्हते. पण आतेभाऊ म्हणाला होता, "तू पूल ओलांडू नकोस, मीही ओलांडत नाही." भीतीपुढे युक्तिवाद चालत नाही. तेव्हा आम्ही गाडी अलीकडे लावली आणि आत्या काठी टेकत पुलावरून चालू लागली. एका हाताला मी, दुसऱ्या हाताला हुबळीकर. वाटेत आणखीही माणसे पिशव्या घेऊन चाललेली. पलीकडच्या पोलिसाने काहीतरी विचारले, हुबळीकराने कन्नडात उत्तर दिले, पोलीस हसला आणि त्याने आत्याची पिशवी उचलून चार पावले नेऊन दिली. आतेभावाच्या गाडीत बसताना आत्या म्हणाली, "छप्पन साली मी अकरा वर्षांची होते. तेव्हा आम्हांला काय कळ्ळं नव्हतं बघ. रेष कुठं आहे ते आज पायाला कळ्ळं."

परत येताना पुलाच्या मध्यावर मी जरा थांबलो. मला दुसरा एक पूल आठवत होता.

नोकरीची शेवटची वीस वर्षे मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या निर्यात विभागात काढली. मोटारसायकलींचे सुटे भाग पश्चिम आफ्रिकेत पाठवणे हे आमचे काम. तिकडे मोटारसायकल हीच रिक्षा, त्यामुळे ब्रेकची, साखळीची, क्लचची मागणी कधी सरत नाही. नायजर या देशाला समुद्र नाही. त्याचा माल शेजारच्या बेनिनमधल्या कोटोनू बंदरात उतरतो आणि मालमोटारीने सातशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला जातो. रस्ता संपतो तिथे मालाँव्हील हे बाजाराचे गाव. पुढे नायजर नदी, तिच्यावर पूल आणि पलीकडे गाया. २००९ मध्ये मी त्या पुलावर उभा होतो. अलीकडे-पलीकडे एकच देंडी बोली बोलणारी माणसे, दोन्हीकडे सरकारी भाषा फ्रेंच (नायजरने आता ती पदावरून उतरवली आहे), चलनही एकच. आमच्या मालाचा एक गिऱ्हाईक होता. त्याचे दुकान मालाँव्हीलला आणि घर गायाला. दुपारी जेवायला तो देश ओलांडून जाई. मला तेव्हा निपाणीची आठवण झाली होती आणि मी त्याला मोडक्या इंग्रजीत आमचा सीमाप्रश्न समजावून सांगण्याचा प्रयत्न केला होता. त्याला काही उमगले नाही. त्याच्या दृष्टीने रेष कुठूनही जावो, बाजार मंगळवारी भरला म्हणजे झाले. तो मंगळवारच होता की दुसरा वार, हे आता नक्की आठवत नाही.

२६ जुलै २०२३ रोजी नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचा जो आर्थिक संघ आहे, ज्याला 'इकोवास' म्हणतात, त्याने निर्बंध घातले आणि बेनिनने तो पूल बंद केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्बंध उठले. बेनिनने आपली बाजू उघडली. आता नायजरने आपली बाजू बंद ठेवली. आमच्याविरुद्ध कारवाया करण्यासाठी बेनिनने आपल्या भूमीवर फ्रेंच सैनिक ठेवले आहेत असा त्या सरकारचा आरोप होता आणि बेनिनला तो मान्य नव्हता. मधल्या काळात चिनी कंपनीने नायजरमधल्या आगादेमपासून बेनिनच्या किनाऱ्यावरच्या सेमेपर्यंत जवळजवळ दोन हजार किलोमीटरची तेलवाहिनी टाकलेली. मे २०२४ मध्ये बेनिनचे अध्यक्ष पॅट्रिस तालों यांनी सांगून टाकले की, सीमा उघडत नाही तोवर तुमचे तेल माझ्या बंदरातून जहाजावर चढणार नाही. चीनने मध्यस्थी केली, तेल चढले, आणि जूनमध्ये सेमेच्या बंदरात बेनिनने नायजरच्या पाच माणसांना अटक केली. पुन्हा सगळे बिघडले. तेलासाठी चीन धावून आला. पुलावरच्या माणसासाठी कुणी आले नाही. तो होडीने नदी ओलांडू लागला. आमच्या त्या गिऱ्हाइकाने माझ्या जुन्या कचेरीत फोन करून माल दुसऱ्या वाटेने येईल का, असे विचारल्याचे मला माझ्या जागी आलेल्या मुलाने सांगितले.

यातली खरी गंमत (गंमत हा शब्द बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) पुढे आहे. याच दोन देशांचा याच नदीतल्या बेटांवरून जुना तंटा होता. फ्रेंच राज्य असताना रेष नदीच्या कुठल्या काठाने, कुठल्या प्रवाहाने जात होती, यावर वाद. १९६० च्या दशकात त्यावरून युद्धाची भाषा झाली होती. पुढे २००१ मध्ये दोघांनी मिळून करार केला आणि दोघे मिळून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १२ जुलै २००५ ला निकाल लागला. पंचवीसपैकी सोळा बेटे, त्यांत लेटे हे सर्वांत मोठे, नायजरला, बाकीची बेनिनला. कुणी मोर्चा काढला नाही. म्हणजे रेषेचा प्रश्न पूर्ण सुटला, आणि अठरा वर्षांनी त्याच नदीवरचा पूल बंद पडला.

तिकडच्या माणसांना सीमेचे दुखणे आपल्यापेक्षा थोडे जास्तच आहे. बर्लिनच्या १८८४-८५ च्या परिषदेनंतर युरोपीय सत्तांनी तो खंड वाटून घेतला, तेव्हा कोण कुठली बोली बोलतो हे विचारण्याचा प्रश्नच नव्हता. स्वातंत्र्यानंतर, १९६४ मध्ये, आफ्रिकी देशांनी कैरोला बसून एक कडवट निर्णय घेतला : स्वातंत्र्याच्या दिवशी ज्या रेषा मिळाल्या त्या जशाच्या तशा मानायच्या, कारण एक उकरली तर सगळ्या उकरल्या जातील. मग वाद उरला तो एवढाच की रेष नेमकी होती कुठे. माली आणि बुर्किना फासो यांनी तो वाद १९८३ मध्ये एकत्रितपणे न्यायालयात नेला, खटला चालू असताना १९८५ च्या नाताळात पाच दिवस लढाईसुद्धा केली, आणि डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने मुलूख जवळपास अर्धा-अर्धा करून दिला तेव्हा दोघांनी तो मानला. पाच दिवसांपूर्वी नव्हे, पण एक वर्षापूर्वी एकमेकांवर बॉम्ब टाकलेल्या देशांनी मानला, हे लक्षात घ्या.

आणि आपण? बेळगावात १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ज्या गावात ठराव झाला तेच गाव महाराष्ट्रात आले नाही. १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारात माणसे गेली. सीमाभागात तो हुतात्मा दिन. गाव हा घटक, भाषक बहुमत, भौगोलिक सलगता ही पाटसकरांची सूत्रे आंध्र आणि मद्रासच्या सीमेला लागली, आम्हांला लागली नाहीत. चौघांची समिती झाली, निष्पन्न काही नाही. १९६६ मध्ये सेनापती बापट उपोषणाला बसले, तेव्हा कुठे न्या. मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. १९६७ च्या त्याच्या अहवालात २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ गावे म्हैसूरला आणि बेळगाव आहे तिथेच. आपण अहवाल नाकारला. 'आयोग मागितलात तुम्ही आणि नाकारलातही तुम्हीच,' असे कन्नड मित्र म्हणतात तेव्हा मला उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो. उत्तर आहे : महाजनांनी निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी मापे लावली. पण उत्तर असणे आणि समोरच्याला ते पटणे यांत अंतर असते.

१९६९ ची मुंबई, १९८६ ची सक्तीच्या कन्नडविरुद्धची चळवळ, त्यात वेष पालटून बेळगावात शिरलेले नेते, हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. माझ्या डोळ्यांसमोर ८६ चा जून आहे तो वेगळा : निपाणीच्या घरात वडील रेडिओला कान लावून, आणि आई तांदूळ किती दिवस पुरतील ते मोजते आहे.

२००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. पण एकट्याने. बेनिन-नायजर किंवा माली-बुर्किनाप्रमाणे दोघांनी हातात हात घालून नव्हे. कर्नाटकाचे म्हणणे, राज्यांच्या सीमा ठरवण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेचा आहे, न्यायालयाचा नाही. महाजन अहवाल हाच शेवटचा शब्द. २०१४ मध्ये साक्षी नोंदवण्यासाठी न्या. मनमोहन सरीन यांची नेमणूक झाली, पण दाव्याचा निकाल काही लागलेला नाही. मधल्या काळात मात्र दोन्ही सरकारे खुणा करण्यात गुंतली. बेळगावात विधानसौध बांधले गेले, त्याचे उद्घाटन २०१२ मध्ये. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचे बेळगावी झाले. येळ्ळूरची 'महाराष्ट्र राज्य' ही पाटी त्याच वर्षी जुलैत उखडली गेली. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातल्या चाळीस गावांवर हक्क सांगितला, डिसेंबरात दिल्लीत गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवले, सहा मंत्र्यांची समिती ठरली, आणि त्याच महिन्यात कर्नाटकाने आपला ठराव केला, पाच दिवसांनी महाराष्ट्राने ८६५ गावांचा आपला. दोन्ही एकमताने. विधानसभेत एकमताने जे होते त्याने सहसा कुणाचे काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही.

जतच्या गावांबद्दल आपल्याकडे फार राग व्यक्त झाला. पण ती गावे कन्नडवेडाने नव्हे, पाण्यासाठी बोलत होती, आणि कर्नाटकाने तिकडच्या योजनेतून पाणी सोडून दाखवल्यावर आपल्याकडच्या विस्तारित म्हैसाळ योजनेच्या फायली हलल्या. म्हणजे शेजाऱ्याच्या दाव्याने आपल्याच गावाला पाणी मिळण्याची वेळ आली. राज्यकर्त्यांनी हे मनात ठेवावे. जतमध्ये आणि अक्कलकोटमध्ये कन्नड शाळा आहेत. तिथे कन्नड येणारे शिक्षक पुरेसे आहेत का, हा प्रश्न विचारल्याशिवाय बेळगावच्या मराठी शाळांबद्दल बोलण्याचा आपला अधिकार अर्धाच राहतो.

माझे मत विचाराल तर, बेळगाव, निपाणी, कारवार महाराष्ट्रात यावीत असे मला आजही वाटते आणि मरेपर्यंत वाटेल. पण मालाँव्हीलच्या पुलाने मला एक शिकवले आहे. निकाल उद्या आपल्यासारखा लागला तरी दूधगंगेचा पूल तवंदी घाटाच्या पलीकडे कुठेतरी सरकेल, नाहीसा होणार नाही. त्या नव्या पुलापाशी कुणा कन्नड आत्याला काठी टेकत चालावे लागले तर आपण जिंकलो काय? म्हणून निकालाची वाट पाहताना आज जे मागता येते ते आज मागावे. आतेभावाला घराचा उतारा कन्नडात मिळतो. त्याला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. कागद घेऊन तो ओळखीच्या मास्तरांकडे जातो. वीजबिलापासून वारसनोंदीपर्यंत हेच. याला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागत नाही. जिथे भाषक अल्पसंख्य पंधरा टक्क्यांहून अधिक आहेत तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राने १९५६ मध्येच राज्यांना सांगून ठेवले आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचे ३५० अ हे कलम आणि भाषक अल्पसंख्याकांसाठी अधिकारी नेमणारे ३५० ब हे कलम त्याच वर्षी घटनेत आले. रेष आखणाऱ्यांना रेषेवर अडकलेल्यांची आठवण तेव्हा होती. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना त्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकाने हरकत घेतली. मला ती योजना आवडली. पण आत्याला आधी मराठीत उतारा हवा आहे.

"मग तुमच्याकडं काय वेगळं आहे, काका?" हे हुबळीकराने परतीच्या वाटेवर, कराडच्या आसपास विचारले. त्याचा मुलगा हिंजवडीच्या इंग्रजी शाळेत जातो आणि २०२० च्या कायद्याने तिथे मराठी सक्तीची आहे. "त्याला मराठी येतं, मला आनंद आहे. पण शहाऐंशीला तुम्ही कन्नड सक्तीवर भांडला होता ना?" गाडी मी चालवत होतो, म्हणून रस्त्याकडे पाहत बराच वेळ गप्प राहण्याची सोय होती. मग म्हणालो, तू आपण होऊन इथे आलास. माझी आत्या कुठेच गेली नाही; ती शहापुरातच होती आणि सरकार तिच्या घरापर्यंत चालत आले. त्यावर तो म्हणाला, "हे बरोबर आहे." थोड्या वेळाने म्हणाला, "पण अक्कलकोटच्या कन्नड आत्याचंही तसंच की." मी होय म्हणालो. भीमसेन, कुमार गंधर्व, द. रा. बेंद्रे ही नावे अशा प्रसंगी घेण्याची पद्धत आहे. गदगचा गवई पुण्याचा झाला आणि मराठी घरातल्या कवीला कन्नडसाठी ज्ञानपीठ मिळाले वगैरे. आम्ही ती घेतली नाहीत. पेठ नाक्यावर चहा घेतला असता, पण तो मागे पडला होता.

तर अर्ज. चौथ्या दिवशी मी त्यावर सही केली. अट घातली ती सगळ्यांना घालतो तीच : ध्वनिवर्धक रात्री दहापर्यंत. दोन तारखेची गरज नाही, असे त्याला सांगितले.

१ नोव्हेंबरला सकाळी आंघोळ झाल्यावर चष्म्याची डबी उघडली आणि फीत बाहीवर बांधली. बायकोने पाहिले, काही बोलली नाही. बेळगावला फोन केला. आत्या म्हणाली, तिकडे एका रस्त्याने काळ्या फितींची फेरी आणि दुसऱ्या रस्त्याने लाल-पिवळे झेंडे, दोन्हींचा आवाज खिडकीतून येतोय, डोकं दुखतंय. संध्याकाळी आमच्याकडेही खालून गाणी ऐकू येऊ लागली. मी गेलो नाही. आठच्या सुमारास दार वाजले. हुबळीकराचा मुलगा डबा घेऊन उभा होता, कपाळाला कुंकू, अंगावर नाटकातला कुठल्याशा राजाचा पोशाख.

"आजोबा, आईनं होळिगे दिलीय. गरम आहे." मग त्याची नजर माझ्या बाहीवर गेली. "हाताला काय लागलं?"

"लागलं नाही रे. माझ्या वडिलांची आहे ती."

"बरं," म्हणाला आणि तलवार सावरत जिन्याने खाली पळाला, कारण त्याचा प्रवेश पुढचा होता.

डबा दोन दिवस आमच्या ओट्यावर होता. सोमवारी बायकोने त्यात चकल्या घालून तो परत पाठवला.